डॉक्टर केळुसकरांचा रविवार

आमचे शेजारी डॉक्टर केळुसकर नमस्कार केला की समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत. लाली बरी दिसली तर "ठीक" म्हणून पुढे जात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा जिन्यातच त्यांची तपासणी झाली. त्यानंतर आठवडाभर त्या जिना उतरल्या नाहीत.

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वाशी नवी होती, आमची सोसायटी त्याहून नवी. डॉक्टर रक्ताच्या कॅन्सरचे. खाडीपलीकडे मुंबईतल्या इस्पितळात नोकरी. लग्न केलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप असल्यामुळे जेवण ओट्यापाशी, उभ्याने. बोलण्यात साखर नाही. सेक्रेटरींनी हौसेने वास्तुशांतीला बोलावलं, तर भिंतीवर हात ठेवून "ओल आहे" म्हणाले आणि प्रसाद घेऊन निघाले. पेशंटशीही तसंच. आधी काचेवरचं रक्त बघायचं, मग बोलायचं, आणि बोलायचं ते खरं.

औषध घेऊन गेलेल्या पेशंटचं पुढे काय होतं, हे त्यांचं संशोधन. पेशंट यायचा थांबला की बाकीचे फाईल बंद करत. डॉक्टर रविवारी वही घेऊन त्याचं घर शोधत निघत. त्यावरचा त्यांचा लेख दोनदा परत आला. पेशंट फार थोडे आहेत, असा शेरा.

"थोडेच राहतात," डॉक्टर म्हणाले.

माझं आजोळ उरणचं, म्हणून एकदा रस्ता दाखवायला मला तिथल्या मोरा बंदरावर नेलं. तिथल्या एका कोळ्याची बारा वर्षांची मुलगी दोन महिने आली नव्हती. आई दारात जाळं सांधत बसली होती. पोर मागच्याच महिन्यात गेली, असं तिने सांगितलं.

डॉक्टर आत जाऊन बसले. शेवटी ताप होता का, काही खात होती का, विचारत राहिले. बाईंनी सगळं सांगितलं, चहा दिला आणि मग विचारलं, "खरा सांगा डॉक्टर, आमी तिला आनायला उशीर केला का?"



"नाही," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलीत. माझंच औषध कमी पडलं."

बाई तेव्हा कुठे रडल्या. चहा गार होईपर्यंत डॉक्टर तिथेच बसून होते.

एसटीच्या थांब्यावर मी विचारलं, खरंच वेळेवर आणली होती का? त्यांनी वहीतलं तिचं पान माझ्यासमोर धरलं. पहिलीच ओळ होती, 'फार उशिरा आणली.'

मग त्यांनी माझं पेन मागितलं आणि ती ओळ सावकाश, एकही अक्षर वाचता येणार नाही अशी, खोडून टाकली.