गुंडाळीचं छत

निवृत्त पोस्टमास्तरांनी आत राहायची सोय असलेली जुनी कॅराव्हॅन घेतली तेव्हा त्यांच्या बायकोने आनंदही दाखवला नाही आणि रागही. तीस वर्षं ‘पुढच्या सुट्टीत नक्की’ ऐकून बाईंचा सहलीवरचा विश्वासच उडाला होता. पण आता उद्या सकाळी निघायचं पक्कं झालं होतं. प्रश्न एकच उरला होता: गाडीच्या कडेला लावायचं गुंडाळीचं छत कुठलं घ्यायचं?

दुकानदाराने पारखायला दोन छतं दिली होती, एक स्वस्त आणि एक तिप्पट किमतीचं. मास्तरांनी ती गाडीच्या दोन अंगांना बसवून घेतली, वहीत रकाने आखले आणि पाण्याची नळी ओढून आणली.

“बाबा, महागातलं चांगलं, असं दुकानदार सांगतोय ना?” स्वस्त छताखाली खुर्ची टाकून बसलेले जावई म्हणाले.

“तो सांगणारच! आपण पुरावा बघायचा.”

महाग छतावरून पाणी सरसर ओघळून गेलं. स्वस्त छतावर मात्र ते साठू लागलं. कापडाला पोट सुटलं आणि बघता बघता ते जावयांच्या टाळूला टेकलं.

“अहो, जावई बसलेत खाली!” बाई ओरडल्या.

“म्हणून तर कळतंय किती खाली येतं ते. जावईबापू, हलू नका, मोजतोय.”

जावई भिडस्त. मान तिरकी करून ते तसेच बसून राहिले. मास्तरांनी टेप लावली, आकडा लिहिला आणि ते पोट वर ढकलायला झाडूचा दांडा लावला. टर्रकन शिवण उसवली आणि जावई चष्म्यासकट धुऊन निघाले.

“लागला निकाल!” मास्तर खूश झाले. “महागातलंच घ्यायचं.”

पण महागातलं गुंडाळायला गेले, तर हँडल निम्म्यावर अडकलं. जोर लावला तेव्हा ते तुटून हातात आलं. संध्याकाळी दुकानातला मेकॅनिक आला.

“माल एक नंबर आहे काका. पंधरा वर्षं हलायचा नाही.”

“अरे, हलत नाहीये हीच तर तक्रार आहे!”

नवीन हँडल यायला आठ दिवस लागणार होते; तोवर छत गुंडाळताही येत नव्हतं आणि उतरवताही. आणि छत पसरलेली गाडी फाटकातून बाहेर निघणं शक्यच नव्हतं.

सकाळी मास्तर तोंड पाडून पायरीवर बसले होते. तेवढ्यात बाई ठेवणीतली साडी नेसून, बॅग घेऊन बाहेर आल्या. त्यांनी घराला कुलूप घातलं.

“अगं, गाडी निघत नाहीये.”

“दिसतंय मला. पण मी निघालेय.” बाईंनी बॅग गाडीत ठेवली आणि छताखालच्या खुर्चीत पाय पसरले. “सावली छान पडते हं. चहा घेऊ या?”

“कर की.”

“मी सहलीला आलेय. समोर एक घर दिसतंय, तिथे मिळतो का बघा.” त्यांनी किल्ली पुढे केली.

मास्तर किल्ली घेऊन आत गेले. जरा वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं.

“अगं, साखर कुठे असते?”

“काय माहीत,” बाई डोळे मिटून म्हणाल्या. “मी इथली नाही.”