अंगण व्हायचंय अजून

आमच्या काकाजींनी सुट्टीत राहायला म्हणून उमरेड रोडवर एक बंगली बांधली आणि तिच्यात कुणालाही राहू दिलं नाही. राहणं सोडाच हो, आत जाऊसुद्धा दिलं नाही! दोन खोल्या, पुढे पडवी, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, दाराला हे एवढं पितळी कुलूप आणि किल्ली काकाजींच्या हाफपँटच्या खिशात. बाहेर मात्र अंगण. ते अंगण आठवलं की माझी कंबर आजही दुखते.

काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे, रिटायर ओव्हरसियर. धरमपेठेत आमच्यासोबतच राहायचे. माझं लग्न नुकतंच झालेलं. "सूनबाई, रविवारी हवा बदलाले चल," असं म्हणाले तेव्हा मी भोळी, नवी नायलॉनची साडी नेसून एसटीत बसले. फाटकाशी पोचल्याबरोबर हुकूम सुटला, "चपला बाहेर काढ वं. सारवलेलं हाय." चपला काढल्या तर हातात खुरपं! समोर गुडघाभर गाजरगवत. हीच ती हवा.

मी विचारलं, "आत कधी जायचं?"

"वास्तू झाल्यावर."

"आणि वास्तू कधी?"

"अंगण झाल्यावर."

वास्तुशांत झाल्याशिवाय नव्या घरात झोपत नाहीत, हे मलाही मान्य. पण अंगण होईल तर ना! गवत काढलं की मेंदीचं कुंपण वाढलेलं. ते छाटलं की वानरांनी कवेलू फोडलेले. ते फेरून नीट बसवले की पावसानं चुना उतरलेला. वर आणखी, "काहून वं, हा कोपरा तुले दिसून नाही राहिला?" माझा नवरा शहाणा, त्याला दर रविवारी सकाळी बरोबर ताप यायचा. जेवण लिंबाखाली, तीन दगडांच्या चुलीवर. पाऊस आला तर पडवीत अंग चोरून उभं राहायचं, पण भिंतीला टेकायचं नाही, चुना लागतो म्हणून. साडीला लागतो याचं दुःख नव्हतं त्यांना, भिंतीचा जातो याचं होतं!

बरं, चुना तरी सगळीकडे मारावा की नाही? रस्त्याकडची भिंत पांढरीशुभ्र आणि मागच्या भिंतीला साधा गिलावाही नाही. "मागून कोन पायते?" म्हणे. मग पुढून कोण पाहतं, उमरेडच्या एसटीतले लोक? भटजींनी कितीदा मुहूर्त काढला आणि काकाजींनी कितीदा फिरवला. "अंगण व्हायचंय अजून." शेवटी भटजीच तडकले, "बापूराव, हे पंचांग तुमच्याकडेच ठेवा आता."

तुम्ही म्हणाल, त्यांना बोलणारं घरात कुणी नव्हतं का? नव्हतं. काकू केव्हाच गेल्या होत्या. मुलगी एकच, शालू. तिनं उमरेडच्या शाळेत नोकरी धरली आणि तिथल्याच एका मास्तरांशी जातीबाहेर, कोर्टात लग्न केलं. काकाजींनी धरमपेठेच्या दारात उभं राहून तिला सांगितलं, "या घरात पुन्हा पाय ठेवू नको." तिनंही नाही ठेवला. बापाचीच लेक ती. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

एका रविवारी मी स्टुलावर चढून फाटकाच्या खांबाला चुना मारत होते. तेवढ्यात उमरेडहून नागपूरला जाणारी एसटी आली. काकाजी एका कोंबडीवर खेकसत होते, तिला तशीच सोडून वळले. रस्त्याकडे पाठ केली, झारी उचलली आणि मोगऱ्याला पाणी घालू लागले. त्या मोगऱ्याला मी नुकतंच पाणी घातलं होतं! खिडकीत पाहते तर शालू. मान लांब करून, वळणापर्यंत ती आमचं अंगण पाहत गेली. दर रविवारी खाली मान घालून खुरपणाऱ्या मला हे कधी दिसणार?

"गेली काय एसटी?" काकाजींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"गेली. शालू होती खिडकीत."

"मले काय सांगतं?" झारी रिकामी झाली तरी ते ती तशीच धरून उभे. मग हळूच म्हणाले, "बारीक झाली काय?"

"तुम्हीच पाहा ना! बोलवा तिला वास्तूला."

"म्या काहून बोलावू? तिले त्या घरात येऊ नको म्हटलं. या घरात नको असं म्हटलं काय? रस्त्यावरच तर हाय. तिले समजत नाही?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा बाप बोलावणार नाही, ती लेक उतरणार नाही, आणि दोघांच्या अबोल्यापायी गाजरगवत उपटायचं कुणी, तर मी! सुट्टी माझी, कंबर माझी, साडीही माझीच!

पुढच्या रविवारी एसटी दिसली तशी मी चुन्याच्या हातांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "ओ बाई, मरायचं हाय काय?"

"शालू, उतर वं खाली!" मी ओरडले. "तुझ्यापायी माझ्या हातांची सालं निघून राहिली!"

सगळी गाडी खिडक्यांतून बाहेर आली. कंडक्टर हात जोडून शालूला म्हणाला, "उतरा ताई, हे बाई काही गाडी सोडत नाही बावा."

शालू उतरली. काकाजी पाठमोरे, मोगऱ्याच्या आळ्यात तळं साचलेलं. बापाचा नियम तिला पाठ होता. फाटकाशी ती चपला काढायला वाकली आणि म्हणाली, "बाबा, मोगरा सडून जाईल ना."

काकाजी वळले. तिच्याकडे पाहायचं सोडून तिच्या पायांकडे पाहत राहिले.

"राहू दे वं चपला. काटे हायेत."

काटे! ज्या अंगणातला एकेक काटा माझ्याकडून वेचून घेतला, त्या अंगणात काटे! मी चुन्याच्या हातांनीच फाटक सताड उघडलं. शालू चपलांसकट माझ्या ओल्या सारवणावरून चालत गेली. काकाजींनी खिशातून किल्ली काढली, पण कुलूप काही उघडेना. शेवटी तिनंच त्यांच्या हातातून किल्ली घेतली.

फाटकाचा एक खांब पांढरा होता, दुसरा तसाच. कुंपणापलीकडे गाजरगवत पुन्हा गुडघ्याला आलं होतं.

"सूनबाई," काकाजी दारातून म्हणाले, "भटजीले निरोप दे. अंगण झालं म्हणा."