अश्विनी इंगळेचा शेवटचा तपास

आमच्या होस्टेलच्या हॉलमधल्या कपाटातली कुठलीही रहस्यकथा उघडा, पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलेलं असायचं. ‘डॉक्टर.’ ‘धाकटी सून.’ ‘माळी नाही, माळ्याचा भाऊ.’ खाली सही, अ. इंगळे. एका पुस्तकावर ‘कोनीच नाही, बुढा पडून मेला’ एवढंच होतं, आणि शेवटच्या प्रकरणात म्हातारा खरोखरच जिन्यावरून पडून मेलेला निघाला.

ही अश्विनी माझी रूममेट. मी मोर्शीची, ती तेल्हाऱ्याची. अमरावतीला गाडगेनगरात एका काकूंनी घराचा वरचा मजला शिकणाऱ्या मुलींना दिला होता, त्यालाच आम्ही होस्टेल म्हणायचो. पुस्तकं काकूंच्या यजमानांची. ते वारल्यावर कुणीतरी वाचावीत म्हणून काकूंनी ती बाहेर काढून ठेवली, आणि त्यांना वाचक मिळाली ती अश्विनी. काकूंनी तिला एकदा बोलावून प्रेमाने समजावलं की बाकीच्या पोरींनाही वाचायचं असतं. बाकीच्यांचा टाइम वाचावा म्हणूनच मी लिहिते, परीक्षा जवळ आल्या आहेत, असं उत्तर तिने दिलं.

तिची वाचायची रीत ठरलेली होती. पलंगावर पालथी पडून थोडी पानं वाचायची, मग थांबायची, पेन्सिलीचं टोक चावत पंख्याकडे बघायची आणि नाव लिहून मोकळी व्हायची. उरलेलं पुस्तक वाचायचं ते फक्त आपण बरोबर आहोत का हे तपासायला. बहुतेक वेळा बरोबर असायची. पण त्याचा तिला आनंद झालेला मी पाहिला नाही. “समजलंच होतं मले,” एवढं म्हणून ती पुस्तक मिटायची, आणि तिचा चेहरा असा व्हायचा की जणू घरून काही वाईट कळलं आहे.

पुस्तकं संपली की ती माणसांकडे वळायची. मोबाइलवर ओळख झालेला मुलगा खरा की खोटा, हे ठरवायला होस्टेलच्या मुली तिच्याकडे यायच्या. ती फोन हातात घ्यायची, फोटो दोन बोटांनी मोठा करायची आणि मुलाकडे न बघता त्याच्या मागचं सगळं बघायची. “मानूस लबाड बोलते, फोटो नाही बोलत,” हे तिचं आवडतं वाक्य. आमच्या शेजारच्या खोलीतल्या स्नेहाला दुबईचा एक इंजिनिअर रोज मेसेज करायचा. अश्विनीने त्याचा एकच फोटो पाहिला. मुलगा गॉगल लावून खुर्चीवर बसलेला, मागे उंच इमारती. ती म्हणाली, इमारती कापडावर छापलेल्या आहेत, त्यांना मधोमध सुरकुती पडली आहे, आणि खुर्चीच्या पाठीवर, लग्नाला खुर्च्या-मांडव भाड्याने देतात त्या दर्यापूरच्या बिछायत केंद्राचं नाव रंगवलेलं आहे. स्नेहा त्या दिवशी जेवली नाही. अश्विनीने मेसमधून तिचं ताट आणून तिच्या उशाशी ठेवलं आणि लगेच परत आली. तिला धीर द्यायला जमत नसे. पुरावा द्यायला जमत असे.

स्वतः ती नेटवर असून नसल्यासारखी होती. फोटोच्या जागी कोरी भिंत आणि नावाच्या जागी फक्त ‘ए. आय.’ अनोळखी लोक तिला मशीन समजून निबंध लिहून मागायचे. एकदा कंटाळून तिने एकाला ‘पाणी वाचवा’वर निबंध लिहून दिलासुद्धा.

मला रहस्यकथा आवडायच्या त्या वेगळ्याच कारणाने. मला फसायला आवडायचं. एम.ए.चा अभ्यास, एम.पी.एस.सी.चा अभ्यास, त्यातून काहीच न निघण्याची भीती, यात निदान एका ठिकाणी कुणीतरी माझ्यासाठी शेवट विचार करून लिहून ठेवलाय, याचं बरं वाटायचं. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाली, “पुस्तकातला लबाड मानूस पुस्तकातच राह्यते. नेटवरचा बाहीर फिरते ना वं.”

तिच्या असल्या बोलण्यामागे काय होतं, ते मला तिचे बाबा येऊ लागल्यावर थोडंथोडं कळलं. दिगंबरकाका एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. अश्विनी बी.ए.ला असताना तिची आई गेली. घरी कुणी नव्हतं. काका गाडीवर, ही अकोल्याला कॉलेजात. आई दुपारी स्वयंपाकघरात पडली आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. हे अश्विनीने मला एकदाच सांगितलं, तेही कुणा परक्या घरात घडलेलं असावं अशा आवाजात. त्यानंतर तिने काकांना स्मार्टफोन घेऊन दिला, आणि काका तेल्हाऱ्याला एकटेच राहू लागले.

महिन्यातून एकदा ते डबा घेऊन अमरावतीला यायचे. शर्टाची कॉलर झिजलेली, दाढी वाढलेली, बोलणं अगदी कमी. पण एका खेपेला आले ते केस काळे करून, नवा चौकड्यांचा शर्ट घालून. फोन सारखा खिशातून काढायचे, बघायचे, आणि मांडीवर पालथा ठेवायचे. मला वाटलं, चला, काका सावरले. अश्विनीचा चेहरा मात्र पुस्तकात नाव सापडल्यावर व्हायचा तसा झाला.

फोन साफ करून देते म्हणून तिने तो मागून घेतला. ते गेल्यावर मला सांगितलं की सुनंदा नावाची कुणी बाई आहे. विधवा, खामगावची, रिटायर नर्स, असं तिनेच लिहिलेलं. सकाळी सुप्रभात, दुपारी ‘जेवले का’, संध्याकाळी ‘जपा तब्येतीला’. काका प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायचे, चुका करत, पण लांबलचक. अश्विनीने बाईचा फोटो तासाभरात शोधून काढला. तो दक्षिणेतल्या कुठल्या तरी साडीच्या दुकानाच्या जाहिरातीतला होता.

मी विचारलं, तिने पैसे मागितले का? अजून एकदाही नाही, असं ती म्हणाली. “आज नाही त उद्या मांगन. लोकं फुकट नाही इचारत कोनाले.”

पुढच्या रविवारी ती तेल्हाऱ्याला निघाली आणि मला सोबत चल म्हणाली. ती कधी कुणाला सोबत मागत नसे, म्हणून मी गेले. अकोटला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, आभाळ भरलेलं होतं, आणि अश्विनी सगळा रस्ता फोनमधले पुरावे पुन्हापुन्हा लावून बघत होती.

काकांनी पातोडीची भाजी केली होती, बेसनाच्या वड्या रश्श्यात सोडून. तिखट एवढं पडलं होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांना वाटलं मला आवडली, म्हणून त्यांनी आणखी वाढली. घरात सगळं जागच्या जागी होतं, फक्त फार शांत होतं. जेवणं झाल्यावर अश्विनीने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि एकेक पुरावा मांडला. आधी जाहिरातीतला फोटो. मग खामगावच्या दवाखान्यात या नावाची नर्स कधी नव्हती, हे तिने फोन करून विचारलेलं. मग मेसेजमधली भाषा, जी रोज थोडी बदलायची, जणू लिहिणारे दोघं-तिघं असावेत. मी खाली बघत बसले. बापाशी हे असं बोलायचं नसतं, असं मला वाटत होतं, पण तिला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नव्हतं.

काकांनी सगळं ऐकलं आणि सुपारी कातरत म्हणाले, “दुसऱ्याच दिवशी समजलं होतं मले. नर्स म्हनते सोताले, आन् बीपीची गोळी जेवनाच्या आंधी घ्याची का मांगून, थे मलेच इचारते.”

अश्विनीचा हात फोनवरच राहिला. तिला पहिल्यांदा असा शेवट भेटला होता जो तिला आधी समजला नव्हता.

“मंग काहून बोलता तिच्यासंग?”

“जेवले का, म्हनते. कोनीही असो, म्हनते त.”

मी नाही का विचारत, असं ती म्हणाली. आवाज चिडका होता, पण खालून फुटलेला. काकांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

“तू पाह्यतं, बाई. मी ऑनलाइन आलो का नाही, थे पाह्यतं. मले मालूम हाये. म्हनून सकाळी उठलो का चहाच्या आंधी फोन उघडतो. तुले दिसलो पाह्यजे, बाबा उठला म्हनून. पन तू बोलत नाही.”

मग मला आठवलं, अश्विनी रोज उजाडता उजाडता, अंथरुणातच, फोन उघडून क्षणभर बघायची आणि कूस बदलून पुन्हा झोपायची. मी समजत होते, वेळ बघते.

ती उठली आणि ताटं घेऊन मोरीवर गेली. घासलेली ताटंच तिने पुन्हा घासली. निघताना बाबांना एवढंच म्हणाली की बोला तुम्ही, पण कुठली लिंक उघडू नका, आणि ओ.टी.पी. कुणाला सांगू नका. काका म्हणाले की सगळी हयात एस.टी. चालवली आहे, ब्रेक कुठे आहे ते पायाला माहीत आहे. तेव्हा ती जराशी हसली.

काही दिवसांनी सुनंदाबाई नाहीशा झाल्या. खातंच बंद. त्यांनी काही मागितलंच नाही की मागून काकांनी दिलं नाही, ते कधी कळलं नाही. काकांनी अश्विनीला फोन करून फक्त सांगितलं की ते मेसेज बंद झाले. मी पलीकडून त्यांचा आवाज ऐकला. एखाद्याने घर बदलल्याचं सांगावं तसा होता.

त्यानंतर अश्विनी शोधाला लागली. अभ्यास बाजूला पडला, टेस्ट बुडाली. जुना नंबर, जुना फोटो, त्याच बोलीत लिहिणारी दुसरी खाती, ती एकामागून एक उघडत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, आता ही त्यांना पकडून पोलिसांत देणार. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो, तेव्हा मी विचारलं, काही माग लागला का. तिने नकारार्थी मान हलवली. मग सापडली तर कुठे तक्रार करणार, असं मी विचारलं.

तिने बाबांनी दिलेल्या चादरीची घडी घातली, उलगडली, परत घडी घातली.

“तक्रार नाही कराची,” ती म्हणाली. “मी तिले म्हनलं असतं, जायचं त जाय, पन बाबाले एक डाव सांगून त जाय. मानसाले असं मधातच नाही सोडत.”

एवढं बोलून ती कपडे घेऊन जिना उतरली. मी मागे राहिलेले क्लिप गोळा करत होते, तेव्हा खालून तिचा आवाज ऐकू आला. तेल्हाऱ्याला फोन लावला होता. पाऊस कसा आहे, शेजारच्यांची म्हैस व्याली का, असलं काहीबाही ती विचारत होती. तिला ते मुळीच येत नव्हतं. एक वाक्य झालं की दुसरं सापडेपर्यंत ती बराच वेळ गप्प राहायची, पलीकडे काकाही गप्प असावेत. पण ती फोन ठेवत नव्हती.