सावंतकाकूंचा जबाब

"काकू, जेवलात का?" असं आमच्या शेजारच्या सावंतकाकूंना विचारून बघा. हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळणार नाही. काकू चष्मा नाकावर ओढतात आणि म्हणतात, "आधी सांग मेल्या, साक्षीदार म्हणून विचारतोस की आरोपी म्हणून?"

हे वेड काही जन्मापासूनचं नाही. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत महिला मंडळाने एकदा 'पोलीस आणि आपले हक्क' असं शिबिर ठेवलं होतं. बाकीच्या बायका वडे खाऊन घरी गेल्या, काकू कायदा घेऊन आल्या. पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरीने विचारलं, "कुंड्यांचं पाणी खाली कोण सांडतं?" काकू म्हणाल्या, "वकिलासमोर बोलेन."

"कोण तुमचा वकील?"

"ऐपत नसली तर सरकार देतं. फुकट. तू तुझ्या कुंड्या बघ."

अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, हे त्या जिन्यात भेटेल त्याला ऐकवायच्या. आम्ही हसायचो. सरळमार्गी माणसं आपण, आपल्याला कशाला लागतोय कायदा.

मग सोसायटीची पाण्याची मोटर चोरीला गेली. कॅमेऱ्यात एकच माणूस दिसला, तो मी. पंपाच्या खोलीमागे जाताना, आणि बऱ्याच वेळाने तोंड पुसत बाहेर येताना. पोलीस ठाण्यातून फोन आला, "दोन मिनिटं येऊन जा."

"दोन मिनिटांचं काम असतं तर फोनवरच झालं असतं," काकू म्हणाल्या आणि चपला घालून माझ्याआधी खाली उतरल्या. सुनीता, माझी बायको, तीही निघाली. खरी पंचाईत तिथेच होती. मला साखर आहे. सुनीता गुळाचा डबासुद्धा कुलपात ठेवते. तेव्हा रविवारी दुपारी कोपऱ्यावरून जिलबी आणायची आणि पंपामागे उभ्याने खायची, हा माझा आयुष्यातला एकुलता एक गुन्हा. तो तिच्यासमोर कबूल करण्यापेक्षा मोटर चोरलेली परवडली असती.

"खोलीमागे काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

"वारा खात होतो."

"पंपाच्या खोलीमागे? वारा?"

"म्हणजे... मोटर नीट चालते का ते बघत होतो."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "कुणाला विकली?"

माझी वाट लागली होती. एवढ्यात काकू कडाडल्या, "गप बस रे. गप बसायचा हक्क आहे तुला, तेवढा तरी वापर." मग साहेबांकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्याला साक्षीदार म्हणून बोलावलंत की आरोपी म्हणून?" तो प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा योग्य जागी पडला. साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"सध्या नुसती चौकशी आहे, आजी."

"आरोपी म्हणत असाल तर आधी वकील येऊ दे. आणि मोटर ह्याने नेली नाही. मी खिडकीतून सगळं बघितलंय."

"मग सांगा की."

"इथे नाही. मी बाईमाणूस, त्यात साठीपुढची. माझा जबाब घरी येऊन घ्यायचा."

मी अक्षरशः हात जोडले. "काकू, माझी नोकरी जाईल. सांगून टाका ना इथेच." पण काकू ढिम्म. "हक्क म्हणजे हक्क." साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "आज जा. उद्या बघू तुझं काय करायचं ते." ती रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक.

सकाळी हवालदार शिंदेबाई आल्या. आम्हा नवराबायकोला त्यांनी बाहेर थांबवलं, पण काकूंनी दार उघडंच ठेवलं होतं. काकू काठपदराच्या साडीत. पलंगावर नवी चादर. ताटलीत मालवणचे गुळातले खटखटे लाडू, आणि चहाचं आधण केव्हापासून उकळत असावं. चौकशीची एवढी तयारी मी कुठे पाहिली नव्हती.

"घरात कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"हे गेल्यापासून मीच."

"दुपारी खिडकीत काय करत होता?"

"रोज बसते. आपल्याकडे कुणी येतंय का बघते. येत नाही कुणी, पण बघायला काय जातं?"

शिंदेबाईंचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी माझ्याबद्दल विचारलं.

"हा जिलबी खात होता," काकू म्हणाल्या. "मोटर उचलायला दोन हात लागतात गो. ह्याच्या एका हातात पुडा आणि दुसरा तोंडात. संपली तसा रिकाम्या हाताने निघून गेला. मोटर तेव्हाही चालू होती, आवाज येत होता."

सुनीताने माझ्याकडे अशी नजर टाकली की त्यापेक्षा कोठडी बरी. पण मी सुटलो होतो.

शिंदेबाई कागद आवरायला लागल्या. "झालं, काकू."

"झालं? एवढंच?" काकूंचा चेहरा उतरला. "अगो, वाचून तरी दाखव. काय लिहिलंस ते मला कळायला नको?"

शिंदेबाईंनी वाचून दाखवलं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या घरात कुणीतरी बसून त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवत होतं. मला भरून आलं. सुनीतानेही पदर डोळ्यांना लावला.

वाचून झालं. "नीट कळलं नाही," काकू म्हणाल्या. "परत वाच."

शिंदेबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग टोपी काढून पलंगावर ठेवली आणि एक लाडू उचलला.

"कुठून वाचू, काकू?"

"नावापासून. सावकाश वाच. माका खंय घाई आसा."