उफराट्या पदकाचा निवाडा

॥ ज्या एका धन्याने आकाश व समुद्र यांची शीव आखिली, त्याचे नाव प्रथम घेऊन ॥ शके सतराशे अठरा, नल नाम संवत्सरे. समुद्रकाठीचे एका राज्यात सामाजी म्हणोन शनवार पाळणारा बेने इस्राएल यहुदी सरकारचे शिक्के खोदण्याचे कामी चाळीस वर्षे होता. त्याची मुद्रा लाखेवर उमटली म्हणजे अक्षर मोत्यासारिखे. कुटुंब लेआबाई गतवर्षी निवर्तली, आणि म्हातारा सवयीने दोघांचा भात शिजवी व एकटाच पाहत बसे. इतक्यात किल्ल्यात पेंढाऱ्यांकडोन सोडविलेले जुने लुटीचे पेटाऱ्यात एक पितळी पदक निघाले. एके बाजूस दिवा, दुजे बाजूस यहुदी लोकांची इब्री अक्षरे. ती कोणास लागेनात, आणि न लागली म्हणोनच प्राचीन ठरली! मग दोन परदेशी विद्वान धावत आले. एक म्हणे सुलेमान बादशहाचे टांकसाळीतील, दुजा म्हणे पश्चिमेकडील कोणा यहुदी हकिमाचे सन्मानार्थ पाडिले, आणि भांडता भांडता एकमेकांचे पागोट्यास हात घातला. महाराजांनी आज्ञा केली की, ज्याचे खरे ठरेल त्याणे पदक आपले देशी न्यावे.

सामाजीने पदक पाहिले मात्र, ओळखिले. ते त्याणेच ओतिले होते. बोलावे तर चाळीस वर्षांची अब्रू जाते, न बोलावे तर पदक जाते. जमातीचे मुकादम इब्री जाणणारे, ते कानाशी लागले, "सामाजीबावा, गप ऱ्हा. पुरातन ठरलं तर आपल्या लोकांचं नाव होतंय." परंतु म्हातारियास राहवेना. मुजरा करून म्हणाला, "महाराज, हे माझं. अक्षरं जुनी नाहीत, उफराटी आहेत. शिक्का उलटा खोदायची हाताला सवय. पदकाचा नमुना सुलटा खोदायचा, तिथंही या गाढवानं उलटाच खोदला!" दरबार खो खो हसला. विद्वान म्हणाले, "पुरावा?" मग सामाजीने तापली लाख मागविली आणि पदक तीवर दाबिले, आणि उमटलेला सुलटा ठसा मुकादमांनीच वाचिला, "लेआ जगली. देवाचे उपकार."

महाराज पुसते जाहले, "लेआ कोण?"

"माझी बायको, महाराज. पहिल्या बाळंतपणात गेलीच होती. एकविसाव्या दिवशी उठून बसली, तेव्हा ओतलं. जन्मभर हसायची, म्हणायची, माणूस सरळ, माया उफराटी. पेंढाऱ्यांनी हे पदक लुटून नेलं तेव्हा आठ दिवस धड जेवली नाही. मला खुशाल हसा, पण ते द्या."

महाराज गादीवरोन उतरले, पदक त्याचे ओंजळीत घातले आणि म्हणाले, "बाबा, आमचे संग्रहास एक सुलटे करून द्याल?"

सामाजीने डोळे पुसिले. "आता सुलटं केलं तर खोटं होईल, महाराज. ती राहिली नाही."

येणेप्रमाणे निवाडा जाहला. विद्वानांनी आपापले मत सोडिले नाही, म्हातारियाने पदक घरी नेले. घडले ते इतुकेच लिहिले असे.