पडद्यामागची पिवळी सोंगटी

पाहुण्यांना सिनेमाला न्यायचं मी ठरवलं ते पाहुण्यांसाठीच, असं मी तेव्हा सांगितलं होतं. आजही तेच सांगतो. (माझी बायको कौशल्या हे वाचणार नाही. तिला वाचता येत नाही. मलाही चौथीपुरतंच येतं, पण लिहायला तेवढं पुष्कळ झालं.)

साल एकोणसाठ. आमच्या दुर्गाला पाहायला मोर्शीहून शेषराव आणि त्यांची मालकीण केशरबाई संत्र्यांची टोपली घेऊन बार्शीटाकळीला आले होते. पोरगा मास्तर, घरचा संत्र्यांचा बगीचा, माणसं साधी. असं स्थळ आमच्यासारख्या सरकी काढायच्या जिनात कापूस तोलणाऱ्याच्या दारात येतं म्हणजे देवाचा पत्ता चुकला असावा. पोहे झाले, केशरबाईंनी दुर्गाला चालवून पाहिलं, सुईत दोरा ओवायला लावला. राहिली होती फक्त सुपारी फोडायची.

पण तो दिवस शनिवार होता!

गावाबाहेर तंबूचा सिनेमा लागला होता. मोठ्या सिनेमाच्या आधी दर शनिवारी हलत्या चित्रांचा एक तुकडा दाखवत, आणि ती चित्रं होती चंगअष्ट्याची. चंगअष्टा म्हणजे माझा जीव की प्राण. जमिनीवर कोळशानं चौकोन आखायचा, चिंचोके फेकायचे, पडेल तितकी घरं सोंगटी पुढं सरकवायची, दुसऱ्याची गाठली की मारायची आणि आपली मधल्या घरात न्यायची. सिनेमात त्याच सोंगट्यांना हातपाय फुटले होते, मिशा आल्या होत्या. पिवळी सोंगटी बिचारी लंगडी. गेल्या शनिवारी तांबडी तिच्या मागे एका घरावर येऊन उभी राहिली, मिशीला पीळ दिला, आणि मेल्यांनी तिथंच खेळ थांबवून दिवे लावले! आठवडाभर मला चैन नव्हतं. जिनात काट्यावर कापूस टाकला की पारड्यात पिवळी दिसायची. जेवताना पाय हलायचा, झोपेत हलायचा.

"आधी सुपारी, मंग शिनेमा," कौशल्या म्हणाली.

"सुपारी काय पळून जाते? तिकडं पिवळी मरून राहिली!"

"अवो माय, कोण मरून राहिली?" केशरबाई घाबरून उठल्याच.

मी समजावून सांगितलं. कौशल्यानं कपाळाला हात लावला. पण शेषरावांचा पाय हलायला लागला होता! मी तो पाय ओळखला. तो माझाच पाय होता, फक्त मोर्शीचा.

"चंगअष्टा?" शेषराव हळूच म्हणाले. "चित्रात? चला ना मंग, काहून बसलो आपण?"

निघालो सगळे.

आता त्या तंबूची एक गंमत. मधोमध पडदा. समोर आम्ही पुरुष, आणि बायकांकडे कोणा टवाळाची नजर जाऊ नये म्हणून त्यांची बसायची जागा पडद्याच्या मागे. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसे. फक्त मागून उलटं दिसे. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिकीट चुकवायला मी एकदा लुगडं नेसून तिकडे बसलो होतो. (ती वेगळी भानगड.)

पिवळी पडद्यावर आली आणि लंगडत उजवीकडे निघाली. चंगअष्ट्यात सोंगटी उजव्या हातालाच निघते.

"शाब्बास!" शेषराव ओरडले.

"उलटी चालली!" पडद्यामागून केशरबाईंचा आवाज आला. "अवो, थांबवा तिले!"

"बरोबर चालली!" इकडून आम्ही.

"उलटी!" तिकडून साऱ्या बायका.

तांबडीनं झेप घेतली तेव्हा तर मी उभाच राहिलो. "पळ! पळ ना माय!" माझ्या मुंडाशाची सावली पडद्यावर पडली आणि पिवळी तिच्यात गडप झाली. मागून कोणीतरी माझं धोतर ओढून मला खाली बसवलं. तेवढ्यात ती मधल्या घरात पोहोचली. शेषरावांनी मला मिठी मारली. म्हणाले, "इवाई!" सुपारी न फोडताच मला व्याही केलं! मी तर हवेत.

घराच्या वाटेवर केशरबाई फणफणत होत्या. "चित्र काढणाऱ्याले खेळ येत नाई. सारं उलटं."

"सुलटं होतं. म्या डोळ्यानं पाह्यलं," शेषराव म्हणाले.

"म्हणजे मी खोटी? मले डोळे नाईत?"

इथं मी तोंड उघडून खरं सांगायला पाहिजे होतं. एका वाक्यात मिटलं असतं. पण माझ्या जिभेला तेव्हा असली खाज होती की विचारू नका.

"तुमच्या मोर्शीले उलटाच खेळत असतीन, ईनबाई," मी म्हणालो. "तिकडं सुऱ्यही मावळतीकडून उगवते म्हणतात."

केशरबाई थांबल्या. "ऐकलं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्या गावाले नावं ठेवून राहिले हे. आन तुमी हसता?"

"म्याही उलटंच पाह्यलं," कौशल्या म्हणाली. घरचाच माणूस फितूर!

घरी पोहोचेपर्यंत केशरबाईंनी ठरवून टाकलं होतं. "ज्या घरच्या माणसाले सुलटं-उलटं समजत नाई, तिथली पोरगी आमी कशी न्यावी? टोपली बांधा. सुपारी नाई फोडायची."

शेषराव खाली बघत बसले. दुर्गा दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या जिभेची खाज तिथंच जिरली.

"ईनबाई," मी हात जोडले, "खरं सांगतो. पडद्यामागून समदं उलटंच दिसते. तुमची चूक नाई, आमचीबी नाई."

"हो का?" केशरबाई म्हणाल्या. "दुपारी तुमी म्हणालात, बार्शीटाकळीच्या म्हशी हिवाळ्यात सरळ दहीच देतात. ते मी खरं समजून मोर्शीत पंधरा घरी सांगणार होती."

ते मी म्हणालोच होतो.

मग दुर्गा पुढं आली. "आई, बारीक कापड पाहिजे."

"चादरी जाड हायेत," कौशल्यानं घरभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. पाहुण्यांसाठी मी मलमलचं धोतर नेसलो होतो. "सोडा ते."

"पाहुण्यासमोर?"

"पोरीचं लगन मोडून राहिलं आन तुमाले लाज सुचते?"

मी स्वयंपाकघरात जाऊन घोंगडी गुंडाळली आणि धोतर बाहेर दिलं. दुर्गानं ते मधल्या दारात पडद्यासारखं टांगलं. केशरबाईंना आत माझ्याकडे बसवलं, शेषरावांना बाहेर. बाहेरच कंदील ठेवला आणि कापडापुढं हात धरून तो हळूहळू सरकवला. धोतरावर सावली चालायला लागली.

"कुठं गेली, मामाजी?"

"उजवीकडं," शेषराव.

"मामी, तुमी सांगा."

"डावीक..." केशरबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्या उठून बाहेर गेल्या, परत आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. मग बाहेरून आवाज आला, "अवो माय! पोरगी म्हणावं का मास्तरीण! हिले कोण सोडते? आना ती सुपारी!"

माझा जीव भांड्यात पडला. पण अंगावर घोंगडी, आणि धोतर दारात टांगलेलं. ते काढायची कोणाला आठवणच नाही. बाहेर जावं तरी कसं? मी मागूनच पाहत राहिलो. कापडावर सावल्या हलल्या. कौशल्यानं ताट पुढं केलं, शेषरावांनी हात लांब केला. एवढ्या शुभ कामाला डावा हात!

"इवाई!" मी आतून जिवाच्या आकांतानं ओरडलो. "डाव्या हातानं नका घेऊ! उजवा घ्या, उजवा!"

बाहेर जो हशा झाला तो शेजारच्या आळीत ऐकू गेला असेल. केशरबाई तर भिंतीला धरून खाली बसल्या.

"माणूस खरा इनोदी हाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

आयुष्यभर मी लोकांना हसवायला जंगजंग पछाडलं, पण माझा सगळ्यात नावाजलेला विनोद म्हणून मोर्शीत आजही तो एकच सांगतात. मीही मान डोलावून म्हणतो, "हो ना, मुद्दामच म्हटलं होतं मी तसं."

यावर मात्र एकही माणूस विश्वास ठेवत नाही.