फ्रिज चावतो

फ्रिज चावतो, अशी तक्रार आशाबाईंनी पहिल्यांदा केली तेव्हा सूर्यभानरावांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"अनवाणी पायानं हात लावतीस, मग चावणारच. चप्पल घालत जा," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

झालं. मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात नवा कायदा आला. देवघराजवळ चप्पल न्यायची नाही आणि फ्रिजजवळ चपलेशिवाय जायचं नाही. (फ्रिज होता देवघराला खेटून.) वाटीभर दही काढायचं म्हणजे आशाबाईंची कसरत. एक पाय चपलेत, दुसरा हवेत.

हा कायदा महिनाभर सुखानं चालला असता, पण पिशोरहून सूर्यभानरावांच्या सासूबाई, बानाबाई आल्या. बानाबाईंना कायदा कोणी सांगितलाच नाही. शनिवारी दुपारी त्यांनी ताकासाठी फ्रिजच्या दाराला हात घातला आणि "आगं आई गं!" करत दोन हात मागं फेकल्या गेल्या. ताक भिंतीवर, पदर खांद्यावरून खाली. मग उठून त्या म्हणाल्या, "आशे, पिशवी भर. जावईबापूंना जीव नकोसा झाला असंल, मला नाय झाला. हे घर नीट होस्तोवर चल पिशोरला."

आशाबाई खरंच पिशवी शोधायला लागल्या. तेव्हा मात्र सूर्यभानराव हादरले.

ते शेंद्र्याच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात कारकून. नुकत्याच झालेल्या सुरक्षा सप्ताहात त्यांना अर्थिंग म्हणजे काय असं विचारलं होतं, आणि "करंट माणसात न शिरता जमिनीत जावा म्हणून केलेली सोय" या उत्तराला टाळ्या पडल्या होत्या. (विजेबद्दलचं त्यांचं ज्ञान इथं सुरू होऊन इथंच संपत होतं.)

"मामी, एक दिवस थांबा," ते सासूबाईंना म्हणाले. "उद्या रविवार. घराला अर्थिंगच करून टाकतो."

"वायरमनला बोलवा की," आशाबाई म्हणाल्या.

"खड्डा खोदायला वायरमन? खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा अन् मीठ. खलास!"

रविवारी सकाळी पाच किलो खडेमीठ आणि पोतंभर कोळसा घेऊन सूर्यभानराव दारासमोर पहार मारू लागले. बानाबाई देखरेखीला पायरीवर बसल्या.

"जावईबापू, माणूस पुरायचाय का?"

"अजून खोल पाहिजे, मामी. ओल लागली पाहिजे."

आणखी चार घाव घातले आणि ओल लागली. लागली म्हणजे काय, पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली. आठ दिवसांनी गल्लीत नळ आला होता आणि पहार बरोबर त्याच पाइपात शिरली होती. खड्ड्याच्या काठावर ओतून ठेवलेल्या कोळसा-मिठाचा काळा फवारा शेजारच्या साळूबाईंच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर गेला. सूर्यभानरावांनी आधी फडकं कोंबलं, ते उडालं. मग दोन्ही तळहात दाबून ते खड्ड्यातच उकिडवे बसले. पाणी बोटांच्या फटीतून तिरकं उडू लागलं.

साळूबाई धावत आल्या. भांडायला आल्या असाव्यात, कारण कमरेला पदर होता. पण पाण्याची धार बघून त्या परत घरात गेल्या आणि हंडा घेऊन आल्या.

"भाऊ, अंगठा जरा डावीकडं घ्या. हां, असंच धरा!"

दहा मिनिटांत खड्ड्याभोवती रांग लागली. हंडे, बादल्या, कोणाची तर कढई. "भाऊ, आता इकडं वळा." "भाऊ, हलू नका हो, सांडायलंय!" सूर्यभानराव तास-दीड तास हुकमाप्रमाणं वळत राहिले. शेवटी नळ गेला तेव्हा त्यांची बोटं सुरकुतलेल्या भेंडीसारखी झाली होती.

तोवर आशाबाईंनी रामकिसन वायरमनला बोलावून आणलं होतं. त्यानं आधी मेन स्विच बंद केला, फ्रिज पुढं ओढला, प्लग काढून हातात घेतला.

"काका, घराला अर्थिंग आहे. बांधतानाच केलेली. पण प्लगची ही वरची जाडी पिनच नाय. करंट जमिनीत जाणार कुठून? कोणी कापली?"

सूर्यभानराव खिडकीतून बाहेर बघू लागले.

"यांनीच," आशाबाई म्हणाल्या. "फ्रिज आला तेव्हा दोन भोकांच्या बोर्डात बसंना, तर करवतीनं कापली. वर म्हणाले, कंपनीवाले एक पिन फुकटच देतात."

"व्हय का," एवढंच बानाबाई म्हणाल्या. पण ते असं म्हणाल्या, की सूर्यभानरावांना फ्रिजचा झटका परवडला असता.

रामकिसननं तीन पिनांचा प्लग आणि बोर्ड बसवला, मागची उंदरानं कुरतडलेली वायर बदलली आणि करंट गळाला की आपोआप बंद पडणारा स्विचही लावला. टेस्टर लावून दाखवलं. दिवा लागला नाही. प्लंबरनं पाइप जोडला, खड्डा बुजवला. बानाबाई आठवडाभर राहिल्या, रोज दुपारी बिनचपलेनं ताक काढून प्यायल्या. सूर्यभानरावांना वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला कडी वाजली. दारात साळूबाई, मागं हंडे घेतलेल्या पाच-सहा बाया.

"भाऊ, आमच्या नळाला नुसतं टिपटिप पाणी यायलंय," साळूबाई म्हणाल्या. "तुमच्या खड्ड्याला लई जोर होता बघा. पहार काढता का जरा?"